शिस्त, नेम आणि काळोख

बंदूक रोखण्याच्या क्रियेसाठी मराठीत दोन जुने शब्द आहेत, आणि या दोन्ही शब्दांना भाषेत दुसरेही घर आहे. पहिला शब्द ‘शिस्त’. आज हा शब्द आपल्याला शाळेच्या फळ्यावर किंवा परेडच्या मैदानावर भेटतो. मोल्सवर्थच्या कोशात मात्र त्याचा अर्थ नेम, रोख असा दिलेला आढळतो. ‘शिस्त धरणे’ म्हणजे बाण किंवा बंदूक लक्ष्यावर रोखणे. शब्द फारसीतून आला. तेथे ‘शस्त’ म्हणजे अंगठा, धनुर्धाऱ्याने प्रत्यंचा ओढताना अंगठ्यात घालायची अंगठी, आणि त्यावरून नेम. दुसरा शब्द ‘नेम’. त्याचे मूळ ‘नियम’ या संस्कृत शब्दाशी जोडले जाते. एकादशीचा नेम असतो, वारीचा नेम असतो आणि शिकाऱ्याचाही नेम असतो. गंमत अशी की या दोन शब्दांनी परस्परविरुद्ध दिशांनी प्रवास केला आहे. शिस्त रोखाकडून नियमाकडे गेली, तर नेम नियमाकडून रोखाकडे आला. वाटेत कोठेतरी दोघांची गाठ पडली असावी.

ही केवळ कोशातली मौज म्हणून आम्ही सांगत नाही. रोखणे आणि नियम पाळणे या दोन गोष्टी भाषेने एकाच शब्दात का बसवल्या असतील, याचा विचार करू लागलो की एका साध्या गृहीतकापाशी येऊन थांबावे लागते. ज्याच्यावर नेम धरायचा तो दिसला पाहिजे. आणि तो दिसतो त्या उजेडात, सामान्यतः, आपणही त्याला दिसत असतो. या परस्पर दिसण्यातून काही बंधने जन्म घेतात. रात्र पडली की ती दोघांसाठीही सारखीच पडते. विसाव्या शतकात बंदुकीवर बसवलेल्या रात्रदर्शी आणि उष्णतादर्शी दुर्बिणींनी हे गृहीतकच मोडले: रात्र एकासाठी संपली आणि दुसऱ्यासाठी तशीच राहिली. या बदलाचा इतिहास सहसा यंत्रांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. तो काळोखाचा इतिहास म्हणूनही लिहिता यावा, असे आम्हांस वाटते.

सुरुवात रोहिणखेडपासून करू. बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यातले हे गाव आज फारसे कोणाच्या तोंडी नसते. पण दक्षिणेच्या मध्ययुगीन इतिहासात ‘रोहनखेड’ हे नाव पुनःपुन्हा येते. कारण भूगोलात आहे. वऱ्हाडचे बालाघाट आणि पायनघाट असे जे दोन जुने भाग, त्यांच्या सीमेवर, घाटाच्या पायथ्याशी हे गाव वसले आहे. बुऱ्हाणपूरकडून दक्षिणेत येणाऱ्या किंवा दक्षिणेतून खानदेशात उतरणाऱ्या फौजांना येथून जावे लागे. १५८२ साली खुदावंदखान महदवी याने बांधलेली मशीद या गावाच्या गतवैभवाची खूण म्हणून दाखवली जाते.

येथे दोन मोठ्या लढाया झाल्या. पहिली १४३७ ची. बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमद याला दिलेल्या आपल्या मुलीचा तेथे अनादर होतो, या कारणाने खानदेशचा नासिरखान वऱ्हाडावर चालून आला. बहमनी सेनापती खलफ हसन बसरी याने त्याचा रोहिणखेड येथे पराभव केला आणि बुऱ्हाणपूरपर्यंत पाठलाग केला. खलफ हसनच्या सैन्याचा कणा होता तो इराण-तुराणातून आलेल्या परदेशी स्वारांचा, म्हणजे आफाकींचा. घोड्यावरून बाण सोडण्यात या मंडळींचा हातखंडा होता. ‘शस्त’ ज्यांच्या अंगठ्यात होती ती माणसे ही. दुसरी लढाई १५९१ ची. अहमदनगरच्या गादीवर बालवयातील इस्माईल निजामशहा बसलेला आणि सारी सत्ता महदवी पंथाचा नेता जमालखान याच्या हाती. इस्माईलचा बाप बुऱ्हाण याने खानदेशच्या राजा अलीखानाच्या मदतीने आपल्याच मुलाविरुद्ध मोहीम काढली. भर उन्हाळ्याचे दिवस होते. पाण्याच्या जागा शत्रूने आधीच धरल्या होत्या आणि जमालखानाचे सैन्य तहानेने व्याकूळ झाले होते, असे फिरिश्ता सांगतो. लढाईत जमालखान बंदुकीची गोळी लागून पडला आणि सैन्याची फळी मोडली. बुऱ्हाण दुसरा गादीवर आला.

दोन लढायांमध्ये सुमारे दीडशे वर्षे. एकीत बाण, दुसरीत गोळी. आणि ‘शिस्त’ हा शब्द बाणावरून बंदुकीवर सरकला तो याच काळात. मात्र या बंदुकीची शिस्त फार सैल होती. तोड्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत, गोळी नळीत ढिली बसणारी; शंभर पावलांपलीकडे नेम लागणे ही दैवाची गोष्ट. नळीच्या टोकावरील बारीक उंचवट्याला ‘माशी’ म्हणत आणि आजही म्हणतात. नळीवर खरोखरीच एखादी माशी येऊन बसावी तसा तो दिसतो. मागच्या बाजूच्या खाचेतून ही माशी आणि लक्ष्य एका रेषेत आणायचे, एवढेच नेमाचे शास्त्र. फारसी-उर्दूत या दर्शकाला ‘दीदबान’ असेही नाव आहे. दीदबान म्हणजे मुळात टेहळ्या. बंदुकीवर बसवलेला हा टेहळ्या सूर्य मावळला की आंधळा होई.

आणि नुसता आंधळाच नव्हे. तोड्याच्या बंदुकीला जळती वात, म्हणजे तोडा, लागे. चाप ओढला की तोड्याचे निखाऱ्यासारखे टोक कानातील रंजकीवर टेकायचे आणि बार उडायचा. बरकंदाज रात्री पहाऱ्यावर उभा राहिला तर त्याच्या हातातला हा लाल ठिपका दुरून दिसे. अंधार त्याची दृष्टी तर काढून घेईच, वर त्याची जागाही उघडी पाडी. तलवार हाती घेतलेल्या माणसाला मात्र तोच अंधार पांघरूण होता. सतराव्या शतकातील मराठ्यांचे रात्रीचे छापे समजून घेताना ही तांत्रिक बाब ध्यानात घ्यावी लागते. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालात शिरलेली मोजकी माणसे, ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाण्याचा कडा चढलेले मावळे, १६७३ च्या मार्चमध्ये साठ गडी घेऊन पन्हाळ्यावर चढलेला कोंडाजी फर्जंद: या तिन्ही प्रसंगांत संख्येने आणि दारूगोळ्याने वरचढ असलेल्या पक्षाची बंदूक रात्रीने निकामी केली होती. शौर्याला उणेपणा आणण्याचा आमचा हेतू नाही. पण शौर्याला वेळ निवडता येते, आणि शिवकालाने ती अचूक निवडली, हेही शौर्याचेच अंग आहे.

त्या काळी उजेड हा बोलण्याचा आणि फसवण्याचा प्रकार होता. कोंढाणा हाती आल्यावर गडावरच्या गवती खणांना आग लावून राजगडाला खूण केली, असे सभासदाची बखर सांगते. लाल महालातून निसटल्यावर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून कात्रजच्या घाटात सोडले आणि मोगल त्या उजेडामागे धावले, ही परंपरेची कथा. तिच्यातून ‘कात्रजचा घाट दाखवणे’ हा वाक्प्रचार मराठीला मिळाला. कथेच्या ऐतिहासिकतेचा वाद अभ्यासकांनी घालावा. पण असली युक्ती जगात अन्यत्रही झालेली आहे. १६४३ साली इंग्लंडात लॅन्सडाउनच्या लढाईनंतर पार्लमेंटच्या बाजूच्या सैन्याने रात्री माघार घेतली तेव्हा दगडी भिंतीवर जळते तोडे ठेवून दिले होते. शत्रूला वाटावे की बंदूकवाले अजून तेथेच आहेत. उजेड दिसतो तेथे माणूस असतो, या समजुतीवरच दोन्ही युक्त्या उभ्या आहेत.

लढाईपेक्षा शिकारीत हा प्रश्न अधिक काळ आणि अधिक बारकाईने हाताळला गेला, कारण वाघ-बिबळ्याची वेळ रात्रीची. गाऱ्यावर, म्हणजे मारलेल्या जनावरावर, मचाण बांधून बसायचे ते शक्यतो चांदण्या पाखात. चांदण्यात जनावर अंधुक दिसे, पण नळीवरची काळी माशी दिसत नसे. मग शिकारी नळीच्या टोकाला कापसाचा पांढरा बोळा चिकटवीत. पुढे हस्तिदंती मण्याची माशी आली. अंधारात नेम धरण्यासाठी माणसाने केलेली ही पहिली साधने इतकी घरगुती आहेत. पुढे विजेची बॅटरी बंदुकीला बांधण्याची प्रथा पडली आणि शिकारकथांना एक नवा क्षण लाभला: झोत पडतो आणि काळोखात दोन अंगार पेटतात. या झोतातही एक प्रकारचा न्याय होता असे म्हणावेसे वाटते. प्रकाश जनावरावर पडे तसा मचाणाचा ठावठिकाणाही सांगे. २ मे १९२६ च्या रात्री जिम कॉर्बेटने रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबळ्यावर गोळी झाडली तेव्हा त्याच्या रायफलीवरची बॅटरी क्षणभर नीट पेटली आणि मग मंदावून विझली. आपल्या गोळीचे काय झाले हे कळण्यासाठी त्याला वाट पाहावी लागली. गोळी आणि निकाल यांच्या मधला तो काळोख कॉर्बेटच्या लेखनाचा प्राण आहे. आपल्याकडील शिकारकथांचा, आणि शिकार सोडून अरण्याकडे वळलेल्या लेखनाचाही, प्राण तोच. मारुती चितमपल्लींनी आपल्या एका पुस्तकाला ‘रातवा’ हे रात्री वावरणाऱ्या पक्ष्याचे नाव दिले, त्यात आम्हांला रात्रीच्या स्वतंत्र राज्याला दिलेली मान्यता दिसते.

कायद्यानेही ही मान्यता काही काळ दिली होती. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला तेव्हा परवान्याने शिकार करण्याची तरतूद त्यात होती आणि तिच्यासोबत शिकाऱ्याने काय करू नये याची यादीही होती. सूर्यास्त ते सूर्योदय म्हणजे रात्र, आणि या वेळात शिकार करू नये. कृत्रिम प्रकाशाचा वापर करू नये. अपवाद केवळ गाऱ्यावर आलेल्या हिंस्र पशूचा, आणि तोही परवान्यात तसे नमूद असेल तरच. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारच संपली, तेव्हा ही कलमेही गेली. ती जाणे योग्यच होते. पण मृत कलमे वाचण्याचीही एक गोडी असते. कायद्याच्या रुक्ष भाषेत रात्रीची व्याख्या करावी लागली, कारण रात्री मारणे हे दिवसा मारण्यापेक्षा वेगळे आहे, ही जाणीव कायदा करणाऱ्यांना होती. नेम या शब्दातले दोन्ही अर्थ त्या कलमांत एकत्र नांदत होते.

आता यंत्राकडे वळू. १९३४ च्या सुमारास हॉलंडमधील फिलिप्सच्या प्रयोगशाळेत गिलेस होल्स्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशी नळी बनवली की जिच्या एका टोकावर डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण पडले तर दुसऱ्या टोकाच्या पडद्यावर दिसणारी प्रतिमा उमटे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, जर्मनांनी हे तत्त्व रायफलीवर आणले. साधनाला ‘व्हॅम्पीर’ असे समर्पक नाव दिले होते. रायफलीवर अवरक्त दिवा आणि दुर्बीण, शिपायाच्या पाठीवर जड बॅटरीचे ओझे. त्याच वर्षी ओकिनावाच्या लढाईत अमेरिकनांनी कार्बाइनवर तसलेच साधन वापरले. दिवा अदृश्य किरणांचा, त्यामुळे ज्याच्यावर तो रोखला त्याला काहीच दिसत नसे. येथे पहिल्यांदा रात्र दुभंगली.

पण फार काळ नव्हे. शत्रूकडेही तशीच दुर्बीण आली की हा अदृश्य दिवा त्याला लख्ख दिसू लागे. पाहणाऱ्याच्या हातातला तोडा पुन्हा पेटला होता. तीनशे वर्षांपूर्वीच्या बरकंदाजाचे जे दुखणे तेच या नव्या शिपायाचे. म्हणून पुढचा प्रयत्न स्वतः उजेड न टाकता पाहण्याचा झाला. १९६० च्या दशकात व्हिएतनाममध्ये अमेरिकन शिपायांच्या हाती ‘स्टारलाइट स्कोप’ आला. नावातच त्याचे रहस्य आहे: चंद्राचा आणि ताऱ्यांचा जो किंचित उजेड सृष्टीत असतोच, तोच हजारो पटींनी वाढवायचा. प्रकाशाचे कण एका संवेदनशील लेपावर पडतात, तेथून इलेक्ट्रॉन निघतात, ते विद्युत्दाबाने वेगवान होतात आणि स्फुरणाऱ्या पडद्यावर आदळून चित्र उमटवतात. पुढच्या पिढीच्या नळ्यांत मध्ये एक पातळ चकती आली, लक्षावधी सूक्ष्म छिद्रांची. प्रत्येक छिद्रातून जाताना एका इलेक्ट्रॉनाचे अनेक होतात. आपल्या परिचयाचे ते हिरवे चित्र याच नळीचे. हिरव्या रंगाच्या छटा मानवी डोळ्याला अधिक बारकाईने ओळखता येतात, म्हणून पडदा हिरवा. चांदण्या पाखात नळीला कापूस लावून बसणारा शिकारी आणि हा शिपाई यांचे भांडवल एकच, ताऱ्यांचा उजेड. फक्त एकाला तो नशिबाने मिळे तेवढाच मिळत होता.

या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा आहे आणि तो मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसतो. प्रकाश वाढवणाऱ्या या नळ्या भारतात बनाव्यात म्हणून भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९७९ मध्ये पुण्यात आपला विभाग सुरू केला. १९९० मध्ये हॉलंडमधील डेल्फ्ट कंपनीच्या भागीदारीत स्वतंत्र कंपनी निघाली. तिचा कारखाना भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत. होल्स्टची पहिली नळी हॉलंडमधली आणि पुण्यातल्या कारखान्याचा भागीदारही तेथलाच, हा योगायोग असला तरी बोलका आहे. पुढे डेल्फ्टचा हिस्सा भारतीय कंपनीने घेतला आणि नावही बदलले. दुर्बिणींची रचना डेहराडूनच्या संरक्षण संशोधन संस्थेत व्हायची आणि तिच्या पोटातली नळी भोसरीत. लाल महालापासून ही वसाहत फार लांब नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्या गावात काळोखाने एका सुभेदाराची बोटे घेतली, त्याच्याच उपनगरात काळोख फोडण्याचे साधन तयार होऊ लागले. असे लिहिताना थोडी नाटकी वाक्यरचना होते याची जाणीव आहे. पण वस्तुस्थितीच तशी.

हे साधन हाती असणे आणि नसणे यातला फरक १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलला दिसला. उघड्याबोडक्या कड्यांवर दिवसा चढणे म्हणजे वर बसलेल्या शत्रूपुढे मान देणे. म्हणून तोलोलिंग, टायगर हिल येथील चढाया रात्री झाल्या. पायदळाकडे रात्रदर्शी साधनांची चणचण होती, हे युद्धानंतर उघडपणे बोलले गेले. कोंढाण्याची युक्ती तीच होती, परंतु कड्यावरचा पहारेकरी आता अंधारातही पाहू शकण्याचा संभव होता.

प्रकाश वाढवण्याच्या या साऱ्या खटपटीत मूळ अट कायम राहते: कोठेतरी, थोडा तरी, उजेड हवा. उष्णतादर्शी दुर्बिणीने ती अटही काढली. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार किरण बाहेर टाकते. जिवंत शरीर तर सतत टाकते. हे किरण टिपणारी दुर्बीण दिव्यावर वा ताऱ्यांवर अवलंबून नाही. तिच्यापुढे लपण्यासाठी अंधार निरुपयोगी, कारण शरीरच दिवा झालेले असते. सुरुवातीची अशी यंत्रे अतिशीत करावी लागत, जड आणि महाग असत. १९९० च्या दशकापासून न थंडावता चालणारे संवेदक पसरले आणि दुर्बीण रायफलीवर बसेल इतकी हलकी झाली. हलका धूर, विरळ झाडी यांतूनही ती पाहते. साधी काच मात्र तिला भिंतीसारखी. म्हणून तिचे भिंग जर्मेनियमचे करावे लागते. खिडकीच्या काचेआड उभा राहिलेला माणूस उघड्या डोळ्यांना दिसेल, पण या दुर्बिणीला दिसणार नाही.

तिचा आणखी एक आंधळा कोपरा आहे आणि तो आपल्या मातीला लागून आहे. ही दुर्बीण पाहते ते तापमान नव्हे, तापमानातला फरक. वैशाखात वऱ्हाडातले काळे खडक दिवसभर तापतात आणि सूर्य मावळल्यावरही तासन्तास ऊब धरून राहतात. खडकाची ऊब आणि अंगाची ऊब सारखी झाली की माणूस खडकात विरघळून जातो. दिवसातून दोनदा, साधारणपणे उन्हे चढताना आणि उतरताना, असा काळ येतो की वस्तू आणि तिची पार्श्वभूमी यांतला हा फरक नाहीसा होतो. १५९१ च्या त्या उन्हाळ्यात रोहिणखेडच्या घाटाखाली तहानलेली उभी असलेली फौज अशा दुर्बिणीतून कशी दिसली असती, हा प्रश्न इतिहासाच्या शिस्तीत बसणारा नाही. आमच्या मनात तो येतो खरा.

साहित्याच्या अभ्यासकाला या यंत्रात सर्वाधिक रस वाटावा तो वेगळ्याच ठिकाणी. १९५८ मध्ये जॉन जॉन्सन या अमेरिकन संशोधकाने अशा उपकरणांतून पाहण्याच्या पायऱ्या मोजून मांडल्या. काहीतरी आहे हे कळणे ही पहिली. ते कोणत्या जातीचे आहे, माणूस की जनावर की वाहन, हे कळणे ही त्याच्या वरची. आणि नेमके कोणते, आपला की परका, हे कळणे ही शेवटची. पहिल्या पायरीला चित्रात जेवढा तपशील लागतो त्याच्या सहापटींहून अधिक तपशील शेवटच्या पायरीला लागतो. मराठीत यासाठी शब्द तयारच आहेत: दिसणे, कळणे, ओळखणे. रोजच्या बोलण्यात आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो. बंदुकीच्या मागे बसलेल्या माणसाला ती मुभा नाही. उष्णतेच्या चित्रात माणूस उजळ ठिपका होतो, उजळ आकृती होते, पण चेहरा पुसला जातो. जुन्या नेमाला अंधारात काहीच दिसत नव्हते. नव्या नेमाला दिसते खूप, परंतु ओळख त्या प्रमाणात वाढत नाही.

हा भेद शब्दांच्या खेळापुरता नाही, हे विदर्भाने २०१८ मध्ये पाहिले. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा-राळेगाव भागात दोन वर्षांत तेरा माणसांच्या मृत्यूला एका वाघिणीला जबाबदार धरले गेले. वनखात्याच्या कागदांत ती टी-१. लोकांच्या तोंडी अवनी. कापसाच्या शेतात जाणे जीवावर आले होते, गुराखी झुंडीने फिरत होते. ज्यांच्या घरातले माणूस गेले त्यांचे दुःख शहरी वृत्तपत्रांतून येणाऱ्या वाघिणीच्या कैवाराखाली झाकले गेले, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिला बेशुद्ध करून पकडावे, ते न जमल्यास मारावे, या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये हस्तक्षेप नाकारला. मग जे शोधकार्य झाले त्यात हत्ती होते, कॅमेऱ्यांचे सापळे होते, उष्णता टिपणारे ड्रोन होते, आमिष म्हणून विदेशी अत्तरही होते. अखेर २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात ती गोळीने मारली गेली.

वाद उसळला तो प्रामुख्याने त्या रात्रीबद्दल. अंधारात कारवाई का, पशुवैद्य सोबत का नव्हता, बेशुद्धीचा बाण खरोखर आधी मारला गेला होता का, ती अंगावर येत होती की पाठमोरी होती, असे प्रश्न विचारले गेले. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीनेही पाळल्या न गेलेल्या नियमांवर बोट ठेवले. उत्तरे देणाऱ्यांनी आपली बाजू मांडली. निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. आमचे लक्ष जाते ते प्रश्नांच्या स्वरूपाकडे. बहुतेक प्रश्न ‘नेम’ या शब्दाच्या दुसऱ्या अर्थाचे आहेत. रोख अचूक होता याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. आणि त्या साऱ्यांच्या मुळाशी ओळखीचा प्रश्न: मारायची ती हीच वाघीण, हे कशावरून ठरवायचे? भारतात वाघाची ओळख त्याच्या पट्ट्यांवरून पटवतात. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. कॅमेऱ्याच्या सापळ्यात रात्रीही ते टिपता येतात. रात्रीच्या उष्णताचित्रात मात्र पट्टे जवळजवळ पुसले जातात. पट्टा हा रंगातला फरक आहे, उबेतला नव्हे. काळोखात वाघ शोधायला जे साधन सर्वांत समर्थ, तेच त्याचे नाव सांगायला सर्वांत असमर्थ. सूर्यास्त ते सूर्योदय अशी रात्रीची व्याख्या करून ठेवणारी जुनी कलमे रद्द झाल्याला तोपर्यंत सत्तावीस वर्षे झाली होती.

त्यानंतर काही महिन्यांनी याच मुलखातून एक वाघ बुलढाण्याकडे निघाला. तो पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यातला. २०१९ च्या फेब्रुवारीत त्याच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा घातला होता. त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या तोंडाशी तो बाहेर पडला आणि विदर्भ-मराठवाडा-तेलंगणातील शेते, नाले, रस्ते ओलांडत तेराशे किलोमीटरहून अधिक अंतर तोडून डिसेंबर २०१९ मध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वृत्तपत्रांनी त्याला ‘वॉकर’ म्हटले. तो चालत होता मुख्यतः रात्री; दिवसा झुडपांत, ओढ्याच्या कपारीत पडून राहायचा. शेकडो गावांच्या शिवारातून गेला आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नाही. माणसाला इजा झाल्याची एकच किरकोळ घटना नोंदली गेली. नकाशावर त्याचा मार्ग ठिपक्या-ठिपक्यांनी उमटत होता आणि हा ठिपका कोणाचा, याबद्दल एकदाही शंका नव्हती, कारण ओळख त्याच्या गळ्यातच होती. रात्रीचे पाहणे येथेही होते, पण त्या पाहण्याच्या टोकाला माशी नव्हती.

ज्ञानगंगेत त्याने काही काळ मुक्काम केला. पुढे तो तेथूनही निघाला आणि मार्च २०२१ मध्ये अजिंठ्याच्या डोंगररांगेत पश्चिमेला, गौताळा-औट्रम अभयारण्यातील कॅमेऱ्याच्या सापळ्यात सापडला. गळ्यातला पट्टा तोवर उतरवला होता. छायाचित्रातल्या अंगावरच्या पट्ट्यांवरून त्याला ओळखले. त्या जंगलात १९४० नंतर वाघ नोंदला गेला नव्हता. ज्ञानगंगेकडून गौताळ्याकडे जाणारी ही डोंगररांग म्हणजे बालाघाटाची तीच कड, जिच्या पायथ्याशी रोहिणखेड आहे.